मामांचं राहिलेलं भाषण

माझ्या मामांना गप्प बसवणं कुणालाही जमत नसे. कारखान्यात तीन करवती एकदम चालू असल्या तरी त्यांचा आवाज करवतींवर चढायचा. दरवाजा बघायला आलेल्या माणसाला ते आधी दाराविषयी, मग बिजागऱ्यांविषयी, मग ओलं लाकूड कोरडं म्हणून खपवणाऱ्या बदमाशांविषयी सांगत सुटायचे. तासाभराने तो माणूस एकाऐवजी तीन दारांची ऑर्डर देऊन बाहेर पडायचा. त्याला तीन दारं हवी होती की सुटका हवी होती, हे कळायला मार्ग नसे. मामी म्हणायची, यांना झोपेतही मुद्दे सुचतात. अशा माणसाच्या वाट्याला एकोणीस वर्षं संसदेच्या अध्यक्षाची खुर्ची आली. तिथे बसून इतरांना बोलू द्यायचं असतं आणि आपण बोलायचं नसतं. ती कशी आली आणि तिच्यापायी आम्ही सगळे किती वैतागलो, ते सांगतो. मी त्यांच्या बहिणीचा मुलगा. मामांना मूलबाळ नाही, त्यामुळे ते संसदेत गेल्यावर कारखाना माझ्याकडे आला आणि अजून माझ्याकडेच आहे.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन लांब शेड. एकीत कापणी, दुसरीत जोडणी आणि पॉलिश. मधल्या मोकळ्या जागेत फळ्या सुकत ठेवलेल्या, दोन थरांमध्ये वारा खेळावा म्हणून पट्ट्या घातलेल्या. भुसा सगळीकडे. चहाच्या कपात, कानात, बिलबुकाच्या पानांत. दारं, खिडक्यांच्या चौकटी, कपाटं आणि शाळांचे बाक हा आमचा माल. पन्नासएक माणसं कामाला होती आणि त्या सगळ्यांच्या वर थोरले मिस्त्री. मामांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, पहिली करवत बसवली त्या दिवसापासूनचे. फळीवरून नुसता अंगठा फिरवून ते सांगायचे, अजून आठ दिवस राहू दे. आठ दिवस म्हणजे आठच. मामा साऱ्या जगाशी वाद घालत, मिस्त्रींशी नाही.

मी चोवीस वर्षांचा असतानाची गोष्ट. शाळांच्या बाकांची मोठी ऑर्डर आली होती आणि शाळा उघडायला बारा दिवस राहिले होते. गोल करवतीच्या पात्यावर लोखंडी गार्ड असतो. हात पात्यापर्यंत जाऊ नये म्हणून. पण बाकांच्या पायांची जाड फळी त्याखाली अडकायची, दर खेपेला मशीन बंद करून ती सोडवावी लागायची. मामा म्हणाले, काढा तो गार्ड, बाक गेले की परत बसवू. मिस्त्री म्हणाले, नको मालक. मामा म्हणाले, बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. गार्ड निघाला.

नवव्या दिवशी, दुपारच्या चहाच्या जरा आधी, फळीतल्या गाठीला पातं लागलं आणि फळी उसळली. मी पलीकडच्या शेडमध्ये होतो. करवतीचा आवाज बदललेला ऐकला आणि त्याच्यावर मामांचा आवाज चढला नाही, म्हणून मी धावलो. मिस्त्रींच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. मामांनी स्वतःचा शर्ट काढून त्यांच्या हाताला गुंडाळला होता आणि तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

चौथ्या दिवशी सरकारी इन्स्पेक्टर आला. सभ्य माणूस, बगलेत फाइल, बुटांवर भुसा बसू नये म्हणून जपून चालणारा. त्याने मशीन पाहिली, मोजमाप केलं आणि टेबलाशी बसून फॉर्म भरायला घेतला. "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहायला त्याने सुरुवात केली तशी मामांनी त्याचं पेन धरलं.

"गार्ड मी काढायला लावला. ते नको म्हणत होते. चूक माझी आहे, तसं लिहा."

"साहेब, तसा रकाना नाही."

"मग रकाना काढा."

"मशीनला गार्ड हवाच असा कायदाच नाही," इन्स्पेक्टर समजावणीच्या सुरात म्हणाला. "जो नियमच नाही तो तुम्ही मोडला, असं मी कसं लिहू?"

मामांनी त्याच्याशी दीड तास वाद घातला. स्वतःला दोषी ठरवून घेण्यासाठी इतका घसा कोरडा करणारा मालक त्या इन्स्पेक्टरने आधी पाहिला नसेल. शेवटी त्याने "अपघात" एवढाच शब्द लिहिला, सही केली आणि गेला. मामा त्या कागदाकडे बघत बसले. त्या आठवड्यात आमच्या सगळ्या मशीनना गार्ड बसले, आणि तो काढायला लावणाऱ्याला, मग तो खुद्द मालक का असेना, कारखान्याबाहेर काढायचं असा बोर्ड मामांनी स्वतःच्या हाताने रंगवून लावला. मिस्त्री बरे होऊन परत आले. आता माल तपासणं आणि नव्या माणसांना शिकवणं हे त्यांचं काम. पण शहरातल्या बाकीच्या कारखान्यांत गार्डशिवाय पाती फिरतच होती. मामा मालकांच्या संघटनेत जाऊन बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा पाजला. तेव्हा मामांनी ठरवलं, कायदाच करायचा.

पुढच्या निवडणुकीत ते अपक्ष उभे राहिले. प्रचार काय, ज्याच्या दारात जात त्याच्या दाराची चौकट आधी तपासत. लोकांना गंमत वाटायची. आमच्या भागात निम्म्या घरांची दारं आमचीच होती आणि ती नीट लागत होती, त्यामुळे मतं मिळाली. संसदेत गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांना बोलायला चार मिनिटं मिळाली. मामांची नुसती प्रस्तावना व्हायला चार मिनिटं लागतात. करवतीपर्यंत पोचायच्या आत घंटा वाजली.

ते घरी आले ते तणतणतच. उरलेलं भाषण त्यांनी जेवताना मामीला आणि मला ऐकवलं. खरोखर चांगलं होतं. मिस्त्रींच्या हाताबद्दल त्यात तीनच वाक्यं होती, आणि तिथे आल्यावर मामांचा आवाज खाली यायचा.

त्याच वर्षी सरकार पडलं, पुन्हा मतदान झालं आणि दोन बाजू अगदी बरोबरीत आल्या. अध्यक्ष कुणाचा, यावर पंधरा दिवस घोळ चालला. आपला माणूस दिला की आपलं एक मत कमी होतं, म्हणून कुणीच द्यायला तयार नाही. मग दोन्हीकडच्यांची नजर मामांवर गेली. हा कुणाचाच नाही आणि आवाजही मोठा. दोन्ही बाजूंचे पुढारी आमच्या बैठकीत येऊन बसले. म्हणाले, एका अधिवेशनापुरतं सांभाळा, पुढच्या अधिवेशनात तुमचं विधेयक पहिलं घेऊ. मामा खूश झाले. लाकडाची ऑर्डर दोनदा वाचून सही करणारा माणूस, पण सभागृहाच्या नियमांचं पुस्तक त्यांनी उघडून पाहिलं नाही. खुर्चीत बसल्यावर तिसऱ्या दिवशी संसदेच्या सचिवांनी अदबीने दाखवलं, अध्यक्षाला विधेयक मांडता येत नाही, चर्चेत भाग घेता येत नाही आणि सभागृहाबाहेरही वादाच्या विषयावर बोलता येत नाही.

"म्हणजे मी बोलायचं तरी काय?" मामांनी विचारलं म्हणे.

"खाली बसा, असं म्हणता येतं," सचिव म्हणाले.

पुढचं अधिवेशन आलं. सरकार काठावर होतं, अध्यक्ष बदलला असता तर पडलं असतं. त्याच्या पुढच्या अधिवेशनात अंदाजपत्रक होतं. मग पूर आला. मग शेजारच्या देशाशी तणातणी झाली. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं, आमची चीड त्यामुळेच जास्त होती. मामांनी तीनदा राजीनामा लिहिला. पहिल्यांदा सरकार पडतंय म्हणून थांबवला. दुसऱ्यांदा त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि राजीनामा देण्याआधीच हॉस्पिटलात भरती झाले. तिसऱ्यांदा तो नेऊन दिला, तर दोन्ही पक्षांचे लोक एकाच गाडीत बसून घरी आले. मामी म्हणाली, ही माणसं दुसऱ्या कुठल्या कामासाठी एका गाडीत बसली असती तर देशाचं भलं झालं असतं.

काम मात्र मामा उत्तम करायचे, हे कबूल केलं पाहिजे. मी बऱ्याचदा गॅलरीत जाऊन बसायचो. सभागृह म्हणजे उंच छताचा गोलाकार हॉल, हिरवट गालिचा, बाकांची लाकडं जुनी आणि पॉलिश गेलेलं. मामा ते बाक बघून बघून हैराण व्हायचे. खाली आरडाओरड सुरू झाली की ते एकदम बोलत नसत. कोण कशामुळे ओरडतोय ते आधी बघत. ज्याचं खरंच काही म्हणणं असेल त्याला ते नेमकं उभं करत, आणि नुसत्या आवाजासाठी आवाज करणाऱ्याकडे असं बघत की तो आपण होऊन बसे. कारखान्यात पन्नास माणसं सांभाळलेला माणूस तो. नव्या सदस्याला घंटा वाजवायची झाली तर ते अर्धा मिनिट उशिरा वाजवत. पहिल्या भाषणाला घंटा लागल्याचं दुःख त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

पण घरी? घरी तेच भाषण. दाढी करताना आरशासमोर, बुटाची नाडी बांधताना, गाडीची वाट बघताना. दर वर्षी त्यात नवे आकडे यायचे. कुठल्या कारखान्यात कुणाचा हात गेला, त्याची कात्रणं ते एका खोक्यात ठेवत. मामीला ते भाषण इतकं पाठ झालं की मामा अडखळले तर ती स्वयंपाकघरातून पुढचा शब्द सांगायची. कधी कधी वैतागून म्हणायची, "अहो, तुमच्याऐवजी मीच उभी राहते निवडणुकीला." त्यांचं बाकीचं बोलणंही हळूहळू बदललं. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोघं एकदम बोलायला लागले की मामा एकाला हाताने थांबवत आणि दुसऱ्याला म्हणत, तुमचं होऊ द्या. स्वतःचं मत विचारलं की दोन्ही बाजू मांडत आणि पाणी पीत. मला ते मामा ओळखू येईनासे झाले.

आणि मिस्त्री. पहिली काही वर्षं दर अधिवेशनाच्या सुरुवातीला ते मला विचारायचे, "भाचेसाहेब, मालकांचा कायदा कुठवर आला?" मी सांगायचो, या वेळी पूर आलाय, या वेळी अंदाजपत्रक आहे. ते मान डोलवायचे आणि चौकटीचा कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघायला वाकायचे. सातव्या की आठव्या वर्षी त्यांनी विचारणं बंद केलं. ते मी मामांना सांगितलं नाही. पण वर्षभराने त्यांनीच मला विचारलं, "मिस्त्री काही म्हणतात का?" मी नाही म्हटलं, तसं ते समजले.

सोळाव्या वर्षी एक नवी सदस्या निवडून आली. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, सगळे तिला नर्सबाईच म्हणायचे. कापलेल्या हातांना पट्ट्या बांधून बांधून तिला जे कळलं होतं ते घेऊन ती आली होती. तिने स्वतः होऊन विधेयक मांडलं, प्रत्येक कापणी मशीनला गार्ड हवा, नसेल तर जबाबदारी मालकाची. मामांशी तिची ओळखही नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं की अध्यक्षांचा हाच विषय आहे, तेव्हा ती भेटायला आली. मामांनी तिला चहा दिला आणि सांगितलं की या विषयावर त्यांना तिच्याशी बोलता येणार नाही. ती गेल्यावर ते खोलीत नुसते येरझारा घालत होते, असं सचिवांनी मला नंतर सांगितलं.

मालकांच्या संघटनेने जोर लावला. लहान कारखाने बुडतील, माणसं बेकार होतील, पत्रकं निघाली. सभागृह पुन्हा दुभंगलं. पहिल्या टप्प्यात, विधेयकावर पुढे चर्चा करायची की नाही यावर मतदान झालं आणि मतं समसमान पडली. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस.

अशा वेळी अध्यक्षाला मत द्यावं लागतं. पण ते कसं द्यायचं, तेही ठरून गेलेलं. चर्चा चालू ठेवायची असेल तर बाजूने द्यायचं, म्हणजे सभागृहाला आणखी विचार करता येतो. शेवटचा निकाल असेल तर विरुद्ध द्यायचं, कारण नवा कायदा सभागृहाच्या बहुमताने व्हावा, अध्यक्षाच्या एकट्या मताने होऊ नये. हे कुठे लिहिलेलं नाही. फार पूर्वीच्या कुणा अध्यक्षाने असं केलं आणि पुढच्या प्रत्येकाने पाळलं. चर्चा चालू ठेवायची म्हणून मामांनी बाजूने मत दिलं. बाक वाजले. कारखान्यात कुणीतरी रेडिओ लावला होता, तिथे माणसं नाचायची बाकी राहिली. मला मात्र आनंद झाला नाही, कारण पुढचा टप्पा शेवटचा होता.

शेवटच्या मतदानाच्या दिवशी मी मिस्त्रींना घेऊन गेलो. ते आधी नको म्हणाले, मग इस्त्रीचा शर्ट घालून आले. मामीही आली. सकाळभर भाषणं झाली आणि दुपारच्या सुट्टीत आम्ही मामांच्या खोलीत गेलो. मिस्त्री म्हणाले, मी गॅलरीतच बसतो, जागा जाईल. खोलीत मामा खिडकीशी उभे होते आणि सचिव टेबलावर जुने दाखले काढून बसले होते. मोजदाद सगळ्यांना माहीत होती. या वेळी दोन्हीकडची सगळी माणसं हजर होती, कुणी फुटणार नव्हतं. एकोणपन्नास, एकोणपन्नास.

मामीने सरळ सचिवांनाच विचारलं, ही प्रथा कुठे लिहिलेली आहे का. ते म्हणाले, नाही. बाजूने मत दिलं तर ते बेकायदा ठरेल का. म्हणाले, नाही, तेही ठरणार नाही.

"मग अडलंय कुठे?" तिने मामांना विचारलं.

मामा खिडकीपासून वळले. मग म्हणाले, "सोळा वर्षं मी खाली बसा म्हटलं की ही माणसं बसतात. मला घाबरून नाही बसत. मी त्यांच्यातल्या कुणाच्या बाजूचा नाही, एवढ्याच भरवशावर बसतात. आज मी माझ्या मनासारखं मत दिलं, तर उद्या या खुर्चीतला दुसरा कुणी त्याच्या मनासारखं देईल. त्याचं मन कसं असेल, मला काय माहीत?"

मी म्हणालो, "मामा, मिस्त्री आलेत. गॅलरीत बसलेत."

"दिसले मला. त्या खुर्चीतून गॅलरी समोरच दिसते."

"मग राजीनामा द्या. आत्ता द्या. खाली जाऊन बसा आणि एकदा बोला."

सचिवांनी घसा साफ केला. राजीनामा दिला तर आधी नवा अध्यक्ष निवडावा लागतो, त्यात निदान पंधरा दिवस जातात आणि तोवर विधेयकाची मुदत संपते. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की जणू त्यांचीच चूक होती. मामी पर्स उचलून गॅलरीकडे निघून गेली. मी मागोमाग गेलो. त्या वेळी मला मामांचा इतका राग आला होता की मी दार जरा जोरातच लावलं. ते दार आमच्याच कारखान्याचं होतं.

मतदान झालं. एकोणपन्नास, एकोणपन्नास. मामा उभे राहिले, कागद समोर धरला आणि वाचलं. शेवटच्या टप्प्यावर कायदा बहुमताने व्हावा या प्रथेला अनुसरून अध्यक्ष आपलं मत विधेयकाच्या विरुद्ध देत आहेत. अध्यक्षांचं वैयक्तिक मत सांगण्याची ही जागा नाही. एवढंच. मग ते बसले आणि पुढचा विषय पुकारला. मासेमारीच्या परवान्यांचा होता.

नर्सबाई समोरचे कागद नीट लावत होती, परत परत तेच कागद. मिस्त्री उठले. गॅलरीत बोलायला, हात करायला, टाळी वाजवायला बंदी असते. त्यांनी यातलं काहीच केलं नाही, नुसते पायऱ्या उतरून गेले. मी बाहेर येईपर्यंत ते बस पकडून निघूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मामांना डोक्यावर घेतलं. निःपक्षपाती, तत्त्वनिष्ठ, आणखी काय काय. विरोधात मत देणाऱ्यांनी कौतुक केलं, बाजूने देणाऱ्यांनीही केलं. मालकांच्या संघटनेने तर भला मोठा पुष्पगुच्छ पाठवला. मामांनी तो दारातूनच परत धाडला, आणि आणणाऱ्या माणसावर त्या दिवशी ते इतके ओरडले की जुने मामा क्षणभर परत आल्यासारखं वाटलं.

शनिवारी ते कारखान्यात आले. मिस्त्री एका चौकटीला डाव्या हाताने गुण्या लावून बघत होते. मामा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी पाच पावलांवर होतो आणि मुद्दाम हललो नाही.

"मिस्त्री, मला तुम्हाला सांगायचंय."

"सांगा की मालक. इथे तुम्हाला बंदी नाही."

मामांनी सांगायला घेतलं. प्रथा, बहुमत, पुढचे अध्यक्ष. सगळं बरोबर होतं आणि ते सचिवांच्या भाषेत बोलत होते. मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तुम्ही गार्ड काढायला लावलात तेव्हा ऑर्डरचं कारण होतं. आता प्रथेचं आहे. कारण दोन्ही वेळा चांगलंच होतं, मालक. मी दोन्ही वेळा समजून घेतलं." आणि ते पुढच्या चौकटीकडे वळले.

मामा शेडच्या दारात बराच वेळ थांबले, मग गाडीत बसून गेले.

मला वाटलं, आता तरी ते खुर्ची सोडतील. नाही सोडली. आणखी तीन वर्षं बसले. त्यावरून माझं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, जे करायला गेलात ते तुमच्याच मताने पडलं, आता कशाला चिकटून बसलाय? ते म्हणाले, त्या खुर्चीसाठी एवढं दिल्यावर ती अशी टाकून देऊ? मला ते आजही पटलेलं नाही. मामीलाही नाही. पण तिने ते भाषण पुन्हा कधी ऐकलं नाही, कारण मतदानाच्या त्या दिवसापासून मामांनी ते म्हणायचंच सोडलं. कात्रणांचं खोकं त्यांनी नर्सबाईच्या पत्त्यावर पाठवून दिलं, सोबत चिठ्ठी नाही की नाव नाही. तिने अर्थातच ओळखलं.

एकोणीस वर्षं झाल्यावर डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली आणि मामा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सदस्य तीन तास त्यांच्याविषयी बोलले. एकाने तर सांगितलं की मामांनी त्याला अकरा वेळा बाहेर काढलं आणि अकराही वेळा तो बाहेर काढण्याच्याच लायकीचा होता. मग उत्तरादाखल मामांना वेळ दिला गेला, घंटेचं बंधन नाही, हवा तेवढा. मी पुढे सरसावून बसलो. वाटलं, आता. मामा उठले, लघुलेखकांचे, शिपायांचे, कँटीनच्या बायकांचे नावं घेऊन आभार मानले, सचिवांना नमस्कार केला आणि दोन मिनिटांत बसले. निरोपाच्या भाषणात वादाचा विषय काढत नाहीत, असं त्यांनी गाडीत सांगितलं. मी गाडी चालवत होतो, म्हणून काही बोललो नाही.

पुढे दोन वर्षांनी नर्सबाईने विधेयक पुन्हा आणलं आणि ते तीस मतांनी आरामात मंजूर झालं. अध्यक्षांच्या मताची गरजच पडली नाही. पण मंजूर होता होता त्यात एक ओळ घुसली होती, कायदा नव्या मशीनना लागू, जुन्यांना सूट. करवत तीस-तीस वर्षं चालते. म्हणजे ज्या पात्यांनी हात जात होते ती तशीच राहिली. मामांनी ती बातमी सकाळी वाचली आणि चहा निवेपर्यंत वाचत राहिले.

आता ते पंचाहत्तरीचे आहेत. आठवड्यातून दोन दिवस नर्सबाई तिच्या गाडीतून त्यांना घेऊन जाते आणि दोघं जुन्या मशीनवाल्या कारखान्यांत फिरतात, सक्ती नसली तरी गार्ड बसवा म्हणून सांगत. गार्ड आम्ही इथेच बनवून देतो, बसवायला माझी दोन माणसं जातात. आजवर चाळीसएक मालकांना भेटून झालं, अकरा जणांनी बसवले. बाकीचे मामांना मोठ्या मानाने खुर्ची देतात, त्यांच्याबरोबर फोटो काढतात, संघटनेच्या वार्षिक सभेचं अध्यक्षपद घ्याल का असं विचारतात आणि गार्डचं बघू म्हणतात. मामा घरी येतात ते बूट भिरकावतच, आणि त्या प्रत्येक मालकाची नक्कल करून दाखवतात. मामी म्हणते, आवाज पुन्हा चढायला लागलाय, डॉक्टरांना सांगायला हवं.

मिस्त्री अजून कारखान्यात येतात, अर्धा दिवस. गार्डच्या कडा घासून गुळगुळीत झाल्यात का, ते तेच तपासतात आणि खरखरीत असेल तो परत पाठवतात. मामांबरोबर चला, असं मी त्यांना एकदा सुचवलं होतं. हात दाखवला तर लोक लवकर ऐकतील, असंही बोलून गेलो. ते म्हणाले, दाखवून दाखवून किती दाखवू, आणि मला म्हणाले, या गठ्ठ्यातले चार परत करायला सांगा, नीट घासलेले नाहीत.